एका काडतुसासाठी तीस वर्षे

४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आयडाहो राज्यातील वीझर या गावी सव्वीस वर्षांचा एक गुराखी सज्जात उभा राहून उत्सवाचे बार काढीत होता. त्याच्या हातात कोल्ट कंपनीचे .४५ कॅलिबरचे जुने रिव्हॉल्वर होते आणि त्यातील काडतुसे त्याने स्वतः घरी बसून भरलेली होती. एक बार ठीक निघाला. पुढच्या बाराचा आवाज मात्र निराळाच आला. कान बधिर झाले, डोळ्यांपुढे ज्वाळेची चमक दिसली. धूर ओसरल्यावर पाहतो तो सिलिंडरच्या सहापैकी तीन खणांचा वरचा भाग नाहीसा झालेला आणि त्यांच्यावरची पोलादी पट्टीही उडून गेलेली. गुराख्याचा हात शाबूत राहिला, ही केवळ त्याची पूर्वपुण्याई.

या गुराख्याचे नाव एल्मर कीथ. पुढे जगभरच्या शस्त्रशौकिनांत सर्वांत वादग्रस्त आणि सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखकांपैकी तो एक ठरला. चित्रपटांमुळे ज्याचे नाव बंदूक कधी हाती न धरलेल्यांनाही ठाऊक झाले, त्या .४४ मॅग्नम काडतुसाचा जनक म्हणूनही त्याला ओळखले जाते. परंतु त्या दिवशी तो एक फुटके रिव्हॉल्वर हाती धरून, आपले काय चुकले याचा विचार करणारा तरुण होता. दुसरा कोणी असता तर घरी काडतुसे भरण्याचा नाद त्याने तेथेच सोडला असता. कीथने घडलेला प्रकार 'अमेरिकन रायफलमन' या मासिकाकडे लिहून पाठविला. लोकांनी आपली चूक टाळावी हा त्यामागे हेतू होताच, पण त्याच्या लेखनाच्या कारकिर्दीची सुरुवातही त्याच सुमारास झाली.

चूक अशी होती. रिव्हॉल्वरची नेहमीची गोळी कीथला शिकारीसाठी पुरेशी वाटत नव्हती. म्हणून त्याने .४५-९० या रायफलीच्या काडतुसाची ३०० ग्रेन वजनाची गोळी रिव्हॉल्वरच्या पुंगळीत बसविली होती. (ग्रेन हे बंदुकीच्या जगातले वजनाचे माप. साडेपंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम होतो.) शिवाय काळी दारू अधिक जोमाने जळावी म्हणून ती कुटून बारीक केली होती. बारीक दारू फार लवकर पेटते, जड गोळी लवकर हलत नाही, आणि कोंडलेला वायू मग जिथे पोलाद पातळ असेल तिथून वाट काढतो. .४५ कॅलिबरच्या सिलिंडरमध्ये दोन खणांमधली आणि खणांच्या बाहेरची भिंत पातळच असते. रायफलीचे बळ रिव्हॉल्वरमध्ये आणण्याचा हा पहिला प्रयत्न असा फुटला. पुढची तीस वर्षे हा माणूस त्याच प्रश्नाशी झुंजत राहिला.

हा प्रश्न मुळात कीथचा नव्हता. अमेरिकेच्या पश्चिमेकडील माणसाची ती जुनी गरज होती. १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीने आपल्या नव्या रायफलीबरोबर .४४-४० हे काडतूस आणले. १८७८ मध्ये कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्वर काढले. मग गुराख्याच्या कमरेला एकच पट्टा आणि पट्ट्यात एकच काडतूस असले की भागत असे. खोगिराला टांगलेली रायफल असो वा कमरेचे रिव्हॉल्वर, दोन्हींत तेच चाले. जिथून किराण्याचे दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असे, तिथे ही सोय केवढी मोठी होती हे शहरात राहणाऱ्यास सांगूनही पुरते कळणार नाही. मात्र ते काडतूस काळ्या दारूच्या काळातले होते. त्याची पितळी पुंगळी पातळ आणि ताकद बेताची. रायफलीतून हरिणापुरते ते पुरे पडे, रिव्हॉल्वरमधून मोठ्या जनावराला मात्र बहुधा जखमी करून सोडी. कीथच्या पिढीला एका पट्ट्याची सवय वारशाने मिळाली, ती पुरी करणारे काडतूस मात्र मिळाले नाही.

एल्मर कीथचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसुरी राज्यातील हार्डिन येथे झाला. तो लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे, मोंटानात गेले. तेथे यादवी युद्धात लढलेले म्हातारे सैनिक, बायसनचे कळप पाहिलेले शिकारी आणि जुने गुराखी अजून हयात होते. पोराला शाळेपेक्षा त्यांच्या शेकोटीजवळ बसणे अधिक आवडे. कोणते शस्त्र वेळेवर दगा देते आणि कोणते देत नाही, हे त्याला पुस्तकांतून कळले नाही. ज्यांचा जीव त्यावर अवलंबून होता अशांच्या तोंडून त्याने ते ऐकले.

वयाच्या बाराव्या वर्षी मिझूला शहरात, कुटुंब राहत असलेल्या हॉटेलला आग लागली. एल्मर भयंकर भाजला. तो वाचेल असे कोणाला वाटत नव्हते. वाचला तेव्हा डावा हात आखडून, वेडावाकडा होऊन बसला होता. या हाताची पुढची हकिकत त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. डॉक्टर त्या हाताला हात लावायला तयार नव्हते. अखेर मुलाच्याच आग्रहावरून घरच्यांनी ती आखडलेली बोटे मोडून सरळ केली आणि फळीला बांधून ठेवली. हात पुन्हा कामाला आला. ही हकिकत वाचताना अंगावर काटा येतो. पण पुढे कारखान्यांचे इंजिनियर ज्याच्या चिकाटीपुढे टेकीस आले, त्या माणसाची चिकाटी कोठून आली, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. तरुणपणी तो घोडे वठणीवर आणण्याचे काम करी. नॅशनल गार्डच्या संघातून ओहायोतील कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेतही तो उतरला होता.

वीझरच्या स्फोटानंतर कीथने .४५चा नाद सोडला आणि .४४ स्पेशल या काडतुसाकडे मोर्चा वळविला. त्यामागचा हिशेब साधा होता. रिव्हॉल्वरचा सिलिंडर बाहेरून तेवढाच. त्यात .४४चे खण थोडे अरुंद, म्हणजे भोवती पोलाद अधिक. हे काडतूस १९०७च्या सुमारास आले होते. कारखान्यातून ते अगदी सौम्य भरून येई, कागदी लक्ष्यावर नेम धरायला छान आणि जनावरापुढे लटके. कीथला दिसले ते असे की, पुंगळी चांगली आहे, शस्त्र मजबूत आहे, फक्त आतला ऐवज कमी आहे.

घरी काडतूस भरणे म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडे हा प्रकार सामान्य वाचकाच्या परिचयाचा नाही. वाजलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता जपायची. तिच्या बुडातली वाजलेली टोपी काढून नवी बसवायची. पुंगळी फुगलेली असते, ती साच्यात दाबून मूळ मापावर आणायची. शिसे वितळवून, त्यात थोडे कथील घालून, लोखंडी साच्यात गोळी ओतायची. गोळीच्या खाचेत चरबी-मेण भरायचे, म्हणजे नळीला शिसे चिकटत नाही. मग तराजूवर तोललेली दारू पुंगळीत घालून वर गोळी बसवायची आणि पुंगळीचे तोंड किंचित आत वळवून तिला घट्ट धरायचे. दिवाळीच्या अनारात दारू भरणाऱ्यालाही ठाऊक असते की हे काम गप्पा मारत करायचे नसते. एका पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर वीझरच्या सज्जातला प्रसंग पुन्हा घडतो, आणि दर वेळी हात शाबूत राहतोच असे नाही. अमेरिकेतल्या गुराख्यांनी हे घरगुती काम पत्करले ते प्रथम काटकसरीपोटी. दुकानातली काडतुसे महाग पडत. कीथने मात्र त्या काटकसरीच्या कामाला प्रयोगशाळेचे रूप दिले.

त्याने पहिले लक्ष दिले ते गोळीकडे. तेव्हाच्या बहुतेक गोळ्यांचे टोक गोलसर असे. अशी गोळी मांसातून सरळ निघून जाते आणि तिने पाडलेले भोक लगेच मिटते. जनावर धावत सुटते आणि कुठल्या तरी ओढ्याकाठी तासन् तास तडफडत मरते. शिकाऱ्याच्या दृष्टीने याहून लाजिरवाणे काही नाही, असे कीथचे मत होते आणि या बाबतीत तो आयुष्यभर बदलला नाही. १९२८च्या सुमारास त्याने जी गोळी आखली तिचे टोक रुंद आणि सपाट होते. त्याच्या मागे नळीच्या पूर्ण मापाचा, काटकोनात कापल्यासारखा खांदा होता आणि चरबीसाठी खोल, चौकोनी खाच होती. वजन सुमारे २५० ग्रेन, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. तिचा बराच भाग पुंगळीबाहेर राही, त्यामुळे आत दारूला जागा अधिक मिळे. खांदा सिलिंडरच्या खणात नीट बसे, म्हणून गोळी नळीच्या तोंडाशी सरळ पोहोचे. लायमन कंपनीने तिचा साचा काढला आणि त्याला क्रमांक दिला ४२९४२१. त्यातले पहिले तीन आकडे गोळीच्या व्यासाचे आहेत, .४२९ इंच. नाव .४४ असले तरी या काडतुसाची गोळी खरोखरीची .४४ इंच कधीच नव्हती. जुन्या मापांची ही गंमत अजून चालूच आहे.

कीथ तेव्हा ऑरेगन राज्यातील डर्की येथे गुरे राखीत होता. १९२८ मध्ये फिलाडेल्फियाचा हॅरल्ड क्रॉफ्ट नावाचा हौशी गृहस्थ आपली रिव्हॉल्वरे घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाहून त्याच्याकडे आला. एक शहरी, सधन, यंत्रकामाची जाण असलेला, दुसरा फाटक्या खिशाचा गुराखी. दोघांनी बसून आदर्श रिव्हॉल्वर कसे असावे याचा खल केला. त्यातून कीथचे 'नंबर पाच' नावाचे .४४ स्पेशल रिव्हॉल्वर घडले. त्याची मूठ, घोडा, नेमाची खूण, सारे त्याच्या मनाप्रमाणे बदललेले होते. १९२९ मध्ये 'अमेरिकन रायफलमन'मध्ये त्यावरील लेख आला आणि देशभर या रिव्हॉल्वरची चर्चा झाली. मथळ्याने हा या विषयावरचा अखेरचा शब्द असल्याचा दावा केला होता. तो काही खरा ठरला नाही. कीथ त्या विषयावर आणखी अर्धे शतक लिहीत होता.

१९३०च्या दशकात कीथ आयडाहोतील सॅमन नदीच्या खोऱ्यात स्थिरावला. पत्नी लोरेनसह छोटेसे रँच चालवायचे, हंगामात शहरी शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जायचे आणि रात्री लेख लिहायचे, असा दिनक्रम. त्याच काळात हर्क्युलिस कंपनीची '२४००' ही बिनधुराची दारू बाजारात आली. ती सावकाश जळणारी. काळी दारू किंवा तेव्हाच्या पिस्तुलांच्या दारूने गोळीला एकदम धक्का बसे, ही दारू मात्र गोळीच्या मागून जोर लावीत राही. कमी दाबात अधिक वेग मिळू लागला. या सावकाश जळण्यातच पुढे रायफलीचीही सोय होणार होती. लांब नळीत वायूला गोळी ढकलायला जास्त अंतर मिळते, पण दारू आधीच जळून संपली असेल तर त्या अंतराचा फारसा उपयोग नाही.

१९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणले. त्या काडतुसाच्या घडणीत फिलिप शार्प या लेखकाचा आणि कंपनीच्या डग्लस वेसनचा पुढाकार होता, तरी त्यामागे कीथच्या .३८ कॅलिबरमधील जबर प्रयोगांची पार्श्वभूमी होतीच. जगाला ते काडतूस अचाट वाटले. कीथला ते पुरेसे वाटले नाही. त्याचे म्हणणे ठरलेले होते. वेग कमी चालेल, पण गोळी जाड आणि जड हवी. १९३६ मध्ये रिव्हॉल्वरच्या काडतुसांवरचे आणि मोठ्या शिकारीच्या रायफलींवरचे अशी त्याची दोन पुस्तके निघाली. रायफलीतही त्याचे तत्त्व तेच होते. चार्ल्स ओनील आणि डॉन हॉपकिन्स या मित्रांबरोबर त्याने सैनिकी .३०-०६ पुंगळीचे तोंड रुंदावून .३३३ कॅलिबरचे काडतूस तयार केले. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ओकेएच म्हणतात. विंचेस्टरने १९५८ मध्ये आणलेले .३३८ मॅग्नम हे याच विचाराचे कारखान्यातून आलेले रूप होय.

दुसऱ्या महायुद्धात युटामधील ऑग्डेनच्या शस्त्रागारात तो तपासनीस होता. त्याने पास केलेल्या रायफलींच्या दस्त्यावर 'ओजीईके' असा शिक्का असे, ऑग्डेन आणि एल्मर कीथ यांची आद्याक्षरे. संग्राहक आज असे दस्ते शोधत फिरतात.

या साऱ्या काळात कीथचा एक धोशा चालूच होता. आपण वीस-पंचवीस वर्षे .४४ स्पेशलमध्ये जे काडतूस घरी भरून वापरतो, तसे कारखान्याने करून विकावे. मोठ्या कंपन्या नाही म्हणत, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. देशात .४४ स्पेशलची हजारो जुनी रिव्हॉल्वरे घराघरांत पडून होती. एखाद्याने दुकानातून हे जोरदार काडतूस आणून आजोबांच्या शस्त्रात घातले तर? घरी भरणारा निदान आपण काय भरले हे जाणतो. दुकानातल्या डब्याला गिऱ्हाईक कोण हे ठाऊक नसते. मला या वादात कंपन्यांचीच बाजू अधिक पटते. वीझरच्या सज्जात काय झाले, हे कीथहून चांगले कोणाला माहीत होते?

तोड निघाली ती अगदी साधी. १९५३च्या सुमारास कीथने रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांकडे विषय पुन्हा लावून धरला. स्मिथ अँड वेसनचे अध्यक्ष कार्ल हेलस्ट्रॉम यांनी दाद दिली. काडतूस रेमिंग्टनने करायचे, शस्त्र स्मिथ अँड वेसनने. रेमिंग्टनने .४४ स्पेशलची पुंगळी एक अष्टमांश इंचाने लांब केली. तेवढ्याने ती जुन्या शस्त्रांच्या खणात पुरती बसेनाशी झाली, नव्या शस्त्रात मात्र जुने काडतूसही चालू लागले. १९५५च्या डिसेंबरात पहिली रिव्हॉल्वरे तयार झाली आणि जानेवारी १९५६ मध्ये हेलस्ट्रॉम यांनी कीथला फोनवरून ही वार्ता दिली. आरंभीच्या रिव्हॉल्वरांपैकी एक त्याच्याकडे आले. कीथने मागितली होती २५० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला १२०० फुटांचा वेग. रेमिंग्टनने २४० ग्रेनची गोळी बरीच अधिक जोराने भरली. आयुष्यभर कमी पडते म्हणून कुरकुरणाऱ्या माणसाला प्रथमच मागण्यापेक्षा जास्त मिळाले. त्याने तक्रार केली नाही, पण स्वतःसाठी तो आपल्या गोळीचे, आपल्या हातचे काडतूसच भरत राहिला.

त्याच वर्षी बिल रुगरच्या कंपनीनेही याच काडतुसाचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, रुगरने त्याची छोटी, अर्धस्वयंचलित कार्बाइन काढली. मग मार्लिन आणि विंचेस्टर यांनी आपल्या खटक्याच्या रायफली या काडतुसासाठी दिल्या. १८७३चा एकच पट्टा पुन्हा कमरेला आला. रायफलीच्या लांब नळीतून तीच २४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे १७६० फूट वेगाने निघते. रिव्हॉल्वरपेक्षा शेकडो फूट अधिक. दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आतल्या हरिणासाठी याहून जास्त काही लागत नाही.

परंतु घरी भरणाऱ्यांची खरी डोकेदुखी येथूनच सुरू झाली, आणि कीथच्या गोष्टीतला मला सर्वांत मनोरंजक वाटणारा भाग हाच आहे. एक काडतूस दोन शस्त्रांत बसते, म्हणून दोघांना सारखेच मानवते असे नाही. कीथची गोळी रिव्हॉल्वरच्या सिलिंडरसाठी आखलेली. तिथे काडतूस हाताने खणात ठेवतात, तिच्या काटकोनी खांद्याची कोणाला अडचण होत नाही. खटक्याच्या रायफलीत मात्र काडतूस नळीखालच्या कोठीतून वर उचलले जाते आणि तिरके होऊन आत सरकते. तिथे तो खांदा कडेला अडतो. गोळीचा बराच भाग बाहेर ठेवल्याने काडतूस लांबही होते. काही रायफलींच्या यंत्रणेला ती लांबी झेपत नाही. मार्लिनच्या नळीतले खाचखळगे उथळ आणि त्यांचा पीळ मंद. त्यात नरम शिशाची ओतीव गोळी नीट पकडली जात नाही आणि नेम विस्कटतो. रुगरच्या कार्बाइनचे यंत्र तर नळीतल्या भोकातून घेतलेल्या वायूवर चालते. शिशाच्या गोळीने ते भोक बुजते, म्हणून कंपनीच तिच्यात तांब्याच्या वेष्टनाची गोळी वापरायला सांगे.

कीथच्या गोळीचा एक गुण मात्र रायफलीत सोन्याचा ठरला. नळीखालच्या कोठीत काडतुसे एकामागे एक रांगेत असतात, मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडावरील टोपीला टेकते. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने तिथेच बार होण्याचा धोका. सपाट टोकाला ते भय नाही. तेव्हा मधला मार्ग असा निघाला की, टोक कीथसारखे रुंद व सपाट ठेवायचे, खांदा मात्र बोथट करायचा, काडतुसाची लांबी रायफलीला झेपेल इतकीच ठेवायची आणि दोन्ही शस्त्रांपैकी जे दुबळे त्याला सोसेल तेवढेच भरायचे. या शेवटच्या अटीला अपवाद नसतो. रायफल जास्त सोसते म्हणून तिच्यापुरते जादा भरलेले काडतूस पट्ट्यात ठेवले, की घाईच्या वेळी ते कुठल्या खणात जाईल याचा भरवसा नाही. एका पट्ट्याची सारी सोय या संयमावर उभी आहे. रायफलीची गोळी रिव्हॉल्वरमध्ये घालून तोंड पोळलेल्या माणसाच्या वारसदारांनी हे ओळखावे, यात एक प्रकारचा न्याय आहे.

कीथवर टीकाही कमी झाली नाही. त्याची सर्वांत गाजलेली हकिकत म्हणजे सहाशे यार्डांवरून हरिण पाडल्याची. दुसऱ्या शिकाऱ्याने जखमी केलेले हरिण पळून चालले होते, तेव्हा कीथने आपल्या .४४ मॅग्नम रिव्हॉल्वरने त्याला गाठले, असे तो सांगे. कित्येकांनी ते थाप म्हणून उडवून लावले. सहाशे यार्ड म्हणजे साडेपाचशे मीटर, तेही रिव्हॉल्वरने. कीथची लांब पल्ल्याच्या नेमाची पद्धत होती. खाली बसून पाठीला टेकू घ्यायचा, दोन्ही हातांनी रिव्हॉल्वर गुडघ्यांमध्ये धरायचे, पुढच्या गोळ्या पडलेल्या जागी उडालेली धूळ पाहून नेम उंचावत न्यायचा. हे शक्य आहे, पण रोजचे नाही. मला त्यातला तपशील महत्त्वाचा वाटतो तो हा की, जनावर आधीच जखमी होते. ते तसेच जाऊ द्यायचे की अशक्य वाटणारा बार टाकायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. निरोगी हरिणावर एवढ्या अंतरावरून बार टाकणे त्याच्याच तत्त्वात बसले नसते. वाचकांनी मात्र अंतर लक्षात ठेवले, जखम विसरले.

जॅक ओकॉनर या दुसऱ्या नामांकित लेखकाशी त्याचे हाडवैर होते. ओकॉनर इंग्रजीचा प्राध्यापक, भाषा घासून-पुसून लिहिणारा, हलक्या वेगवान गोळीचा पुरस्कर्ता. कीथचे शिक्षण जेमतेम, लिखाण संपादकांना डोकेदुखी, आणि गोळी जाड-जड. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या दोन पिढ्या या दोन छावण्यांत वाटल्या गेल्या. दोघेही आपापल्या मुलखात, आपापल्या जनावरांपुरते बरोबर होते. ओकॉनर उघड्या डोंगरातल्या रानमेंढ्यांच्या मागे असे, कीथ दाट झाडीतल्या एल्कच्या.

१९६४ मध्ये पोलिसांसाठी म्हणून आलेल्या .४१ मॅग्नमच्या मागेही कीथचा आग्रह होता, पण ते फारसे रुजले नाही. .४४चे नशीब मात्र १९७१ मध्ये अचानक फळफळले. क्लिंट ईस्टवुडचा 'डर्टी हॅरी' पडद्यावर आला. त्यातल्या पोलिसाच्या हातात स्मिथ अँड वेसनचे तेच रिव्हॉल्वर होते. आपल्याकडेही इंग्रजी चित्रपट पाहणाऱ्यांना ते तेव्हापासून ठाऊक आहे. अमेरिकेत दुकानांत ते मिळेनासे झाले. ज्यांनी हौसेने घेतले त्यांतल्या अनेकांना त्याचा धक्का सोसवेना, आणि थोडीच काडतुसे वाजविलेली शस्त्रे पुन्हा विक्रीला येऊ लागली. एल्कच्या शिकारीसाठी तीस वर्षे खपून केलेली वस्तू शहरातल्या गुंडांना धाक घालणारे प्रतीक बनली. ज्या दुकानदारी गिऱ्हाइकाची कंपन्यांना धास्ती होती, ते अखेर अशा वेगळ्या वाटेने आलेच.

कीथ तोवर म्हातारा झाला होता. ठेंगणी चण, डोक्यावर भली मोठी हॅट, तोंडात सिगार. सॅमन गावातल्या घरून त्याचे मासिक लेखन चालूच होते. १९७३ मध्ये अमेरिकेतील पिस्तुलबाजीच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार त्याला मिळाला. १९७९ मध्ये 'हेल, आय वॉज देअर' हे वाढविलेले आत्मचरित्र निघाले. मिझूलाची आग, वीझरचा स्फोट, आफ्रिकेतील हत्ती, सगळे त्यात एका दमात सांगितले आहे. १९८१ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. एवढा बोलका माणूस त्यानंतर जवळजवळ बोलू शकला नाही. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी बॉइसी येथे त्याचे निधन झाले.

आज आपल्याकडे शिकार हा कुतूहलाचाच विषय उरला आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बराचसा इतिहासजमा केला. अमेरिकेत मात्र कीथच्या मुलखात दर शरद ऋतूत एल्कचा परवाना काढला जातो. त्याची शस्त्रे काही वर्षे बॉइसीतल्या एका दुकानात प्रदर्शनात मांडलेली होती. २०१५ मध्ये मेन राज्यात त्यांचा लिलाव झाला, 'नंबर पाच' त्यात होते. काडतुसाच्या बुडावर अजूनही रेमिंग्टनचेच नाव कोरलेले असते, अधिकृत नावच .४४ रेमिंग्टन मॅग्नम. कीथचे नाव टिकले ते ओतीव गोळीला. लायमनचा ४२९४२१ क्रमांकाचा साचा आजही विकत मिळतो. मधल्या काळात कंपनीने त्यातली चरबीची चौकोनी खाच गोलसर करून टाकली होती, साच्यातून गोळी सहज सुटावी म्हणून. कीथला ते मुळीच आवडले नव्हते.